वर्गात सण करायचेत, पण चित्रं-हस्तकलेतून : नव्या शिक्षकांसाठी सुरुवातीपासून सगळं

जूनमध्ये नवीन शिक्षक रुजू झाले की आषाढ संपेपर्यंत त्यांचा एक प्रश्न येतोच, आता राखी येईल, गणपती येतील, वर्गात काय करून घ्यायचं? आणि उत्तरही ठरलेलं, यूट्यूबवर बघा, भरपूर आहे. मग एक व्हिडिओ निवडला जातो, चाळीस मुलांचे चाळीस सारखे आकाशकंदील होतात, त्यातले निम्मे घरी आईने केलेले असतात, फोटो ग्रुपवर पडतो आणि विषय संपतो. नंतर एखाद्या मुलाला विचारा की हा कंदील तुमच्या घरी कुठे लावता रे, तर ते गप्प.

मी नाशिकमध्ये प्राथमिकला शिकवते. मी कलाशिक्षक नाही, एटीडी (कलाशिक्षकाची पदविका) वगैरे केलेलं नाही, साधी वर्गशिक्षिका आहे. त्यामुळे ज्यांना वाटतं की आपल्याला चित्र काढता येत नाही मग आपण काय करून घेणार, त्यांनी तर हे नक्की वाचा. माझं म्हणणं असं आहे की मुलाने सणात जे पाहिलंय, ऐकलंय, हाताने केलंय ते त्याच्या कागदावर आलं पाहिजे. दुकानात मिळते तशी सुबक वस्तू तयार करणं हे वर्गाचं काम नाही. हे एकदा मनाशी पक्कं केलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या जातात.

१. आधी वर्गाचं स्वतःचं कॅलेंडर बनवा

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यातच हे करून टाका. मोठा पुठ्ठा घ्या, बारा पट्ट्या आखा आणि प्रत्येक मुलाला सांगा की तुमच्या घरी, गल्लीत किंवा गावी होणारा एक सण किंवा जत्रा यात लिहायची आणि बाजूला छोटं चित्र काढायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये लाल अक्षरात असलेलेच सण घ्यायचे नाहीत, हे मुद्दाम सांगा, नाहीतर गणपती-दिवाळी-होळी एवढंच येतं.

नाशिकचा वर्ग असेल तर या पट्ट्यांवर काय काय येतं बघा. सिडको-सातपूरला खानदेशातली कुटुंबं भरपूर, त्यांच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते, रोटांचा नैवेद्य असतो. अंबडच्या कंपन्यांमध्ये काम करणाऱ्या यूपी-बिहारच्या लोकांची मुलं छठपूजेला रामकुंडावर जातात. नाशिकरोडला फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते, देवळालीत सिंधी घरांमध्ये चेटीचंड (सिंधी नववर्ष) असतो, जुन्या नाशकात ईदची धामधूम. १४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा कितीतरी मुलांसाठी वर्षातला सगळ्यात मोठा सण असतो. पंचवटीतली मुलं रामनवमीनंतरच्या एकादशीला निघणारा रथ सांगतात, त्र्यंबकच्या वाटेवरची मुलं पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला जाणाऱ्या दिंड्या सांगतात. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची मुलं असतील तर डोंगऱ्या देव आणि वाघबारस येईल. आपल्याला माहीत नसलेलं नाव आलं तर त्या मुलालाच विचारा की काय करतात त्यात, त्याला फार आवडतं सांगायला.

इथे एक चूक नेहमी होते ती टाळा. मागच्या वर्षीची फाइल उघडून तारखा तशाच उतरवल्या जातात. ईद, ईद-ए-मिलाद हे चंद्राच्या वर्षावर चालतात, त्यामुळे दर वर्षी साधारण १० ते ११ दिवस अलीकडे सरकतात. आपले तिथीवाले सणसुद्धा अधिक महिना आला की पुढे जातात. तारखा दर वर्षी नव्याने बघायच्या.

२. सण होऊन गेल्यावर करा

हे बऱ्याच जणांना पटत नाही सुरुवातीला. सगळ्या शाळा सणाच्या आधी हस्तकला घेतात, कारण सुट्टी लागायच्या आत मुलांच्या हातात काहीतरी घरी पाठवायचं असतं. पण आधी घेतलं तर मुलाकडे सांगण्यासारखं काय असणार? मागच्या वर्षीचं आठवत नसतं, मग ते पुस्तकातलं चित्र उतरवतं. सण झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घ्या, सगळं ताजं असतं, हाताची मेंदी गेलेली नसते, आवाज बसलेला असतो, बोलायला थांबत नाहीत. दिवाळीची सुट्टी मोठी असली तरी सुट्टीनंतरच घ्या. मुख्याध्यापकांना दर्शनी फळ्यासाठी आधी काहीतरी हवं असेल तर तयारीवर चित्र घ्या, म्हणजे घर झाडणं, गर्दीतला मेन रोड, गणपतीच्या शेडमध्ये रंग लावायचा राहिलेल्या मूर्ती. तयारी मुलांनी खरंच पाहिलेली असते.

३. प्रश्न कसे विचारायचे

माझ्या मते सगळं काम इथे आहे, कागद-रंग नंतरची गोष्ट.

"तुम्ही दिवाळी कशी साजरी करता?" असं विचारलं की उत्तर येतं नवीन कपडे, फराळ, फटाके. निबंध पाठ असतो तो. त्याऐवजी असं विचारून बघा:

- त्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा पहिला आवाज कसला होता?
- घरातली कुठली वस्तू फक्त त्याच दिवशी बाहेर निघते?
- सगळ्यात जास्त कोण दमलं? ते कुठे बसलं होतं?
- तू उभा होतास तिथून समोर काय दिसत होतं आणि कोणाचं डोकं मध्ये येत होतं?
- काय करायला मनाई होती?

शेवटचे दोन प्रश्न तर हमखास चालतात. डोकं मध्ये येत होतं म्हटलं की मूल एकदम त्या गर्दीत जाऊन उभं राहतं, आणि चित्र त्याच्या उंचीवरून निघतं, पायच पाय, पिशव्या, आणि वर कुठेतरी रथाचा तुकडा. एका मुलीने दसऱ्याचं चित्र काढलं होतं त्यात झेंडूचा ढीग आईपेक्षा मोठा, कारण आई रात्रभर विकायचे हार करत बसली होती आणि ही तिथेच झोपली होती. सोनं नाही, शस्त्रपूजा नाही, रावण नाही, पण तिचा दसरा तोच होता, आणि पूर्ण कागद केशरी झालेला होता. एकाने लक्ष्मीपूजनाला कंपनीचं गेट काढलं, वडील ड्युटीवर होते म्हणून.

हात वर करून उत्तरं घेऊ नका, चारच मुलं बोलतात. पाच-सहाच्या गटात बसवा आणि एकमेकांना सांगू द्या, तुम्ही फिरत ऐका. ऐकताना शब्द टिपून ठेवा आणि फळ्यावर लिहा. जे मूल कागद घेऊन नुसतं बसून राहतं त्याला त्याचंच वाक्य वाचून दाखवा, सुरू होतं.

४. सामान किती आणि कुठलं

महाग काही लागत नाही. रविवार कारंजा, मेन रोड, शालिमार या पट्ट्यात घाऊक स्टेशनरी मिळते, वर्गणी काढायची गरज पडत नाही, पण बिल मात्र घ्या, शाळा अनुदानातून पैसे हवे असतील तर पावतीशिवाय काम होत नाही.

नेहमी कपाटात असू द्या: पाठकोरे कागद आणि रद्दी वर्तमानपत्रं, थोड्या फुल साइज ड्रॉइंग शीट, तैलखडू, पोस्टर कलरच्या मोठ्या बाटल्या, त्याही लाल-पिवळा-निळा-पांढरा-काळा एवढ्याच, बाकी मुलं मिसळून करतात आणि त्यातच खरी मजा आहे. रुंद ब्रश, जुने स्पंज, पतंगी कागद, गेरू, पुठ्ठे, सुतळी, बुरडाकडून आणलेल्या थोड्या कामट्या, बोथट टोकाच्या कात्र्या. डिंकाऐवजी खळ करा, एक वाटी मैदा थंड पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, एकूण चार-पाच वाट्या पाणी, मंद आचेवर हलवत राहायचं, पारदर्शक दिसायला लागली की उतरवायची. बाहेर खळीत मोरचूद घालतात किडे लागू नयेत म्हणून, मुलांबरोबर करताना ते अजिबात घालायचं नाही, विषारी आहे. ताजी करा आणि दोन दिवसात संपवा.

आणू नका: थर्माकोल, चमकी, स्प्रे पेंट, पीओपी. नायलॉन मांजा तर संक्रांतीच्या चित्रासाठी दाखवायलासुद्धा नको, त्यावर बंदी आहे आणि दर जानेवारीत पक्षी आणि माणसं कापली जातात त्याने.

कागदपत्रांचं थोडं बघून घ्या, नंतर धावपळ होते:

- टाचणवहीत (पाठाच्या नियोजनाच्या वहीत) नोंद, कुठल्या विषयाशी जोडलंय ते लिहून. परिसर अभ्यास आणि भाषा सहज जोडता येतात.
- मुख्याध्यापकांची परवानगी, लेखी. मुलांना शाळेबाहेर नेणार असाल तर पालकांचं संमतीपत्रही.
- फोटो काढायला आणि ग्रुपवर टाकायला पालकांची वेगळी संमती. काही पालक नाही म्हणतात, त्यांचा मान ठेवा.
- कोणाला धूळ, रंग, पीठ यांची अॅलर्जी आहे का याची यादी.
- साहित्य नोंदवही आणि पावत्या.

५. वेळेचं गणित

३५ मिनिटांच्या एका तासात काही होत नाही. पाणी आणण्यात आणि कागद वाटण्यातच तास जातो. जोडतास मागून घ्या, किंवा शनिवार वापरा, आनंददायी शनिवार त्यासाठी चांगला आहे. काम दोन दिवसात तोडा, पहिल्या दिवशी बोलणं आणि कच्चं चित्र, दुसऱ्या दिवशी रंग. शेवटची पंधरा मिनिटं आवराआवरीची, ती मुलांनीच करायची.

पावसाळ्यातलं वेळापत्रक वेगळं ठेवा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये माती आणि कागदाचा लगदा वाळता वाळत नाही, बुरशी धरतो. पोळ्याचे मातीचे बैल करायचे तर लहान करा, मुठीत मावतील एवढे, जाड केले की बाहेरून वाळतात आणि आतून ओले राहून पाय गळून पडतात. शाडू असेल तरी तेच.

६. उदाहरण म्हणून रंगपंचमी घेऊ, कारण ती आपल्याकडे वेगळी आहे

नाशिकमध्ये धुळवडीला वीर निघतात, म्हणजे पूर्वज वीरांच्या स्मरणातल्या मिरवणुका, दाजीबा वीराची मिरवणूक बघायला लोक थांबलेले असतात, आणि रंग खेळायचा तो रंगपंचमीला. त्या दिवशी जुन्या नाशकातल्या रहाडी उघडतात. बाहेरून बदली होऊन आलेल्यांसाठी सांगते, रहाड म्हणजे चौकात जमिनीखाली असलेला दगडी हौद, पेशव्यांच्या काळापासूनचा. वर्षभर तो बुजवलेला असतो, वरून वाहतूक चालू असते, आणि रंगपंचमीच्या आधी उकरून, साफ करून रंगाच्या पाण्याने भरतात. तिवंधा चौक, शनी चौक, जुनी तांबट आळी, दिल्ली दरवाजा अशा ठिकाणी आहेत. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, कुठे पिवळा, कुठे गुलाबी, कुठे केशरी. पूजा झाली की लोक त्यात धप्पा मारतात, म्हणजे धपकन उडी घेतात, आणि उडालेलं पाणी काठावरच्यांना भिजवून जातं.

आता यावर वर्गात काय करता येईल. पिचकारीचं रंगकाम भरलेलं वर्कशीट नको. हे करून बघा.

पहिला दिवस रंग बनवण्याचा. हळद पाण्यात कालवा, पिवळा मिळाला. त्याचाच अर्धा भाग वेगळा काढून चिमूटभर खायचा सोडा घाला, लालसर विटकरी होतो, आणि त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळा. चुन्यानेही होतं पण मुलांच्या हातात चुना द्यायचा नाही, सोडाच बरा. बीट किसून पिळून गुलाबी, पण तो उन्हात लवकर उडतो हे सांगून ठेवा. पळस याच दिवसात फुलतो, पेठ रोडला किंवा त्र्यंबकच्या बाजूला कोणी राहत असेल तर खाली पडलेली फुलं गोळा करून आणायला सांगा, ती उकळून छान केशरी निघतो. कुठला रंग कशापासून, याची वहीत नोंद मुलंच करतील, तुमचा विज्ञानाचा भागही झाला.

दुसऱ्या दिवशी पाच-सहाच्या गटाला एक फुल साइज शीट. खाली वर्तमानपत्रं पसरा, शीट जमिनीवर. स्पंजने कागद ओला करायचा आणि मधोमध वरून, उभं राहून, रंगाचे थेंब टाकायचे. ओल्या कागदावर रंग पसरत जातो, कडेला शिंतोडे उडतात, हाच धप्पा. कागद पुरता वाळू द्या, उद्यावर ठेवा.

तिसऱ्या दिवशी भोवतीची माणसं, वरून दिसतील तशी. इथे मुलं अडतात, कारण वरून माणूस कसा दिसतो हे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. एका मुलाला बाकाशेजारी उभं करा आणि बाकीच्यांनी आळीपाळीने बाकावर चढून खाली बघायचं, कोणीतरी बाकाला धरून ठेवायचं. डोकं, खांदे, आणि पुढे आलेले बूट, एवढंच दिसतं. मग तैलखडूने काळ्या रंगात भराभर काढतात, शंभरेक डोकी येतात कडेला, कोणी मोबाइल वर धरलेला, कोणी गच्चीवर. तैलखडू जाड दाबून लावायला सांगा, पातळ लावला तर खालच्या रंगात हरवतो.

ज्यांनी रहाड पाहिलेली नाही त्यांचं काय? त्यांना त्यांच्या सोसायटीतलं पिंप काढू द्या, शेतावरचा हौद काढू द्या, आणि ज्या घरी रंग खेळत नाहीत त्या मुलाने खिडकीतून जे दिसलं ते काढलं तरी उत्तमच. एक नियम मात्र पाळा, वर्गात रंग कागदावरच, कोणाच्या अंगाला लावायचा नाही, अगदी हौसेने तयार असलेल्यालाही नाही.

७. मुखवटे, आणि त्यात काय सांभाळायचं

होळीनंतरच्या दिवसात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकचा डोंगराळ भाग आणि पलीकडे मोखाडा-जव्हारकडे बोहाडा होतो. रात्री, संबळाच्या तालावर, देवांची, राक्षसांची, प्राण्यांची सोंगं मुखवटे घालून नाचतात. वर्गात त्या भागातलं मूल असेल तर ते उठून नाचून दाखवतं, शहरातली मुलं बघतच राहतात. माझ्या अनुभवात सगळ्यात गप्प बसणारी मुलं याच तासाला बोलायला लागतात.

पण हे मुखवटे शोभेचे नसतात, त्यांची पूजा होते, कुठलं सोंग कोणत्या घराने काढायचं ते ठरलेलं असतं. म्हणून मी वर्गात देवांचे मुखवटे करून घेत नाही. बोहाड्याबद्दल बोलतो, शक्य असेल तर गावातल्या जाणत्या माणसाला बोलावतो, आणि मुलं स्वतःच्या मनातलं सोंग करतात, राग आलेला पाऊस, भुकेलेलं रानडुक्कर, झोप न झालेला वाघ. वाघ तर प्रत्येक वर्गात निघतोच.

करायचं असं. वर्तमानपत्राचा मोठा बोळा करून सुतळीने बांधा, एका बाजूने दाबून चपटा करा, वर प्लॅस्टिकची पिशवी ताणून लावा. हा साचा झाला. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्यांचा, म्हणजे नंतर सुटून येतो. मग खळीत बुडवलेल्या पट्ट्यांचे पाच-सहा थर. एक थर वर्तमानपत्राचा, पुढचा रंगीत किंवा खाकी कागदाचा असं आलटून पालटून घ्या, कुठे राहिलंय ते लगेच दिसतं, नाहीतर मुलं नाकाजवळ दहा थर देतात आणि कानाशी एकच. नाक, शिंगं, भुवया यासाठी लगदा: रद्दी फाडून रात्रभर भिजवायची, कुटायची, पाणी घट्ट पिळून काढायचं, त्यात खळ आणि थोडी मेथीची पूड, तिने लगदा चिवट होतो आणि किडे कमी लागतात.

आधी सावलीत वाळवा, मग ऊन दाखवा. डायरेक्ट कडक उन्हात ठेवलं की वाकडं होतं. मार्च-एप्रिलच्या हवेत दोन-तीन दिवस पुरतात. साचा काढल्यावर डोळ्यांची भोकं तुम्ही स्वतः कटरने करा, मुलांच्या हातात कटर नाही. खडूची पूड फेविकॉलच्या पाण्यात मिसळून पांढरा हात द्या, त्यावर रंग खुलतो. मग वर्गात अंधार करून एकेकाचं सोंग येऊ द्या, ताटल्या वाजवायला बाकीचे.

८. बाकीचे थोडक्यात

संक्रांत: येवल्याचा पतंगोत्सव माहीत असेलच, तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर. पतंग कापून चिकटवण्यापेक्षा गच्चीवरून दिसणारं आकाश आणि छपरं काढायला सांगा, टाक्या, डिश, वायरी सगळं. आसारी (मांजाची फिरकी) धरलेल्या हाताचं चित्रही छान होतं.

ईद: दोन चौरस एकमेकांवर आडवे-तिरपे ठेवून आठ टोकांचा तारा, मग कंपासने वर्तुळं, मग तेच पुन्हा पुन्हा जोडत पूर्ण पान. भूमितीचा तास आणि कला एकत्र. मोहरम मात्र आनंदाचा सण नाही, तो शोकाचा आहे, "मोहरमच्या शुभेच्छा" असं दर्शनी फळ्यावर लिहू नका.

नवरात्र: भोंडल्याचा हत्ती पाटावर काढतात तो जमिनीवर खडूने मोठा काढा आणि मुलं भोवती फेर धरतील. खानदेशी घरातल्या मुली भुलाबाई (भोंडल्यासारखाच गाण्यांचा खेळ) सांगतील, ऐकून घ्या.

दिवाळी: किल्ला. शाळेच्या आवारात माती असेल तर गटाने करा, हिरवळीसाठी अळीव किंवा मोहरी पेरा, चार-पाच दिवसात उगवते.

नाताळ: गव्हाणीचा देखावा पुठ्ठ्यात. नाशिकरोड किंवा शरणपूर भागातल्या मुलांना घरी कसा करतात ते दाखवू द्या.

होळी: साखरेचे हार-कडे. खाण्याआधी निरीक्षण करून पेन्सिलने काढायचे, मग खायचे. बघा किती मन लावून बघतात.

सिंहस्थ कुंभमेळा: मागचा २०१५ ला झाला, पुढचा २०२७ ला आहे. मुलांनी आजी-आजोबांना विचारून त्यांच्या आठवणीतला घाट काढायचा, आत्ताच सुरू करा, शहरात काम चालू आहे ते रोज दिसतंयच.

९. जिथे जपून पावलं टाकायची

कोणत्याही मुलाला "तू तुमच्या समाजाचं सांग" म्हणून उभं करू नका. त्याला वाटलं तर ते सांगेल. एका मुलाच्या घरी जे होतं ते त्या सगळ्यांच्या घरी होतं असंही समजू नका.

घरात कोणी गेलं असेल तर वर्षभर सण करत नाहीत. असं मूल प्रत्येक वर्गात असतं आणि आपल्याला उशिरा कळतं. त्याला गेलेल्या माणसाबरोबरचा सण काढायचा असेल तर काढू द्या, नसेल तर रंग मिसळण्याचं, कागद वाटण्याचं काम द्या. जोर करायचा नाही.

पेठ-सुरगाण्याची कितीतरी कुटुंबं द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडला कामाला येतात. त्या मुलांची संक्रांत आणि होळी बागेतल्या खोपीवर जाते. ती चित्रं वर्गात लावा, अगदी मध्यभागी.

वारलीबद्दल एक. शाळेत कुठल्याही सणाला वारली बॉर्डर लावायची पद्धत पडलीय. वारली लग्नात भिंतीवर जो चौक काढतात तो विधी आहे, सवासिनी तांदळाच्या पिठाने काढतात, आत पालघट देवी असते. तो चौक शुभेच्छापत्रावर उतरवू नका. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली, रोजचं जगणं काढलं, शेत, मासेमारी, मुंग्या, झाडं. २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली. मुलांना गेरूच्या कागदावर तसंच आपलं रोजचं काढू द्या, बसस्टॉप, द्राक्षबाग, नळावरची रांग.

आणि देवांची चित्रं जमिनीवर, पायाखाली येतील अशी ठेवू नका. साधी गोष्ट आहे, पण रंग वाळवताना हे होतं आणि पालक दुखावतात.

१०. लावायचं कसं आणि नोंद कशी करायची

सगळी चित्रं लावा. निवडून दहा लावली की उरलेली तीस मुलं पुढच्या वेळी त्या दहांची नक्कल करतात. नंबर काढू नका. मुलांच्या उंचीवर लावा, खाली त्याचं एक वाक्य, त्याच्याच अक्षरात, शुद्धलेखन न सुधारता. दोन आठवड्यांनी उतरवून त्याच्या त्याच्या फाइलला.

पालक विचारतात की सुबक का नाही आलं. त्यांना बोलवा आणि मुलालाच चित्र समजावून सांगू द्या, बहुतेक वेळा पुन्हा प्रश्न येत नाही. तुम्ही मात्र मुलाच्या चित्रावर स्वतःचा ब्रश कधीच फिरवू नका, थोडंसं नीट करते म्हणूनही नाही.

आकारिक नोंदींमध्ये (वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या नोंदींमध्ये) "छान चित्र काढतो" एवढंच लिहून ठेवलं तर वर्षाअखेर काही उपयोग होत नाही. असं लिहा: "रंगपंचमीच्या चित्रात वरून दिसणारी माणसं स्वतः निरीक्षण करून काढली", "हळदीचा रंग सोड्याने बदलतो हे गटाला समजावून सांगितलं", "मुखवट्याचे थर समान दिले, फाटलेला भाग स्वतः दुरुस्त केला". काम चालू असतानाच खिशातल्या चिठ्ठीवर टिपून ठेवा, घरी जाऊन आठवत नाही.

वर्षाच्या मध्ये कधीही हे वाचत असाल तर जूनची वाट बघू नका. जो सण नुकताच होऊन गेलाय तो घ्या, तिसऱ्या पायरीतले दोन प्रश्न फळ्यावर लिहा, पाठकोरे कागद आणि तैलखडू वाटा, आणि एक जोडतास द्या. बाकी कॅलेंडर, मुखवटे, रंग बनवणं हे सगळं पुढच्या महिन्यात.